जुन्या संगणकाचा राऊटर : शेतघरासाठी कमी विजेचा पर्याय

शेतकरी बंधूंच्या घरातील इंटरनेट आता केवळ करमणुकीपुरते राहिलेले नाही. बाजारभाव पाहणे, पीक विम्याचा अर्ज भरणे, बँकेचे व्यवहार, मुलांचा अभ्यास, गोठ्यावरील व खळ्यावरील कॅमेरे, पॉलिहाऊसमधील तापमान व आर्द्रता मोजणारी यंत्रे ही सर्व कामे एकाच जोडणीवर होऊ लागली आहेत. या जोडणीच्या तोंडाशी जे यंत्र बसते त्यास राऊटर म्हणतात. राऊटर अडला तर सर्व कामे अडतात. राऊटरला कुलूप नसेल तर सर्व घर उघडे पडते.

बहुतेक घरांत कंपनीने दिलेला प्लॅस्टिकचा छोटा राऊटर असतो. तो एकदा बसविला की पाच-सात वर्षे त्याकडे कोणी पाहत नाही. दुसरीकडे त्याच घरात माळ्यावर एखादा जुना संगणक किंवा मुलांनी टाकून दिलेला छोटा लॅपटॉप धूळ खात पडलेला असतो. अशा जुन्या संगणकापासून चांगला राऊटर तयार करता येतो. मात्र प्रत्येक जुना संगणक या कामास योग्य नसतो. 'फुकट मिळाला' एवढ्यावरून निवड केल्यास तो वीजबिलातून पैसे वसूल करतो. म्हणून निवड करताना दोन कसोट्या लावाव्यात. पहिली, संगणक किती वीज घेतो. आणि दुसरी, त्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला आजही दुरुस्त्या मिळतात काय. या दोन्ही कसोट्यांवर उतरणारा संगणकच घ्यावा. त्याची निवड, मांडणी व निगा याविषयीची माहिती या लेखात दिली आहे.

राऊटरचे काम काय ?

कालव्याचे पाणी चारीला येते व चारीवरून ज्याच्या त्याच्या शेताला बारी दिली जाते. राऊटरचे काम यासारखेच आहे. बाहेरून येणारी माहिती घरातील कोणत्या यंत्राने मागविली होती हे तो लक्षात ठेवतो व त्यालाच पोहोचवितो. त्याची मुख्य कामे पुढीलप्रमाणे आहेत.

१) घरातील प्रत्येक मोबाईल, संगणक व कॅमेऱ्याला स्वतंत्र अंतर्गत पत्ता देणे. हे पत्ते बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतात. खासगी वापरासाठी ते राखून ठेवलेले आहेत.

२) कंपनीकडून मिळालेला एकच बाहेरचा पत्ता सर्वांसाठी वापरणे. वाड्यात दहा बिऱ्हाडे असली तरी टपाल एकाच पत्त्यावर येते व दारातून वाटले जाते, तसा हा प्रकार आहे.

३) न मागविता बाहेरून आलेल्या जोडण्या अडविणे. यास फायरवॉल म्हणतात. हे घराचे कुंपण होय.

४) अनेकांनी एकाच वेळी मागणी केली असता सर्वांना पाळीने वाटप करणे.

या कामांना फार मोठा संगणक लागत नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात लिनक्स राऊटर प्रोजेक्ट या नावाची प्रणाली १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीवर मावत असे आणि त्या काळी जुन्या झालेल्या ४८६ संगणकावरही चालत असे. पुढे २००३ मध्ये मोनोवॉल, २००४ मध्ये त्यातून पीएफसेन्स आणि २०१५ मध्ये ओपीएनसेन्स या प्रणाली आल्या. ओपनडब्ल्यूआरटी ही प्रणालीही २००४ मध्ये सुरू झाली. यांपैकी मोनोवॉलचे काम २०१५ मध्ये थांबविण्यात आले. बाकीच्या तिन्हींच्या विनामूल्य आवृत्त्या उपलब्ध असून त्यांना नियमित दुरुस्त्या मिळतात.

पहिली कसोटी : वीज

राऊटर वर्षाचे ३६५ दिवस, दिवसाचे २४ तास चालतो. म्हणून एक साधा हिशेब पाठ करावा : सतत चालणारा १ वॅटचा भार वर्षाला ८.७६ युनिट वीज घेतो. निरनिराळ्या यंत्रांची साधारण गरज पुढे दिली आहे.

प्लॅस्टिकचा छोटा राऊटर : ६ वॅट, वर्षाला सुमारे ५३ युनिट
छोटा लॅपटॉप किंवा थिन क्लायंट : १२ वॅट, वर्षाला सुमारे १०५ युनिट
ॲटम प्रोसेसरचा छोटा डेस्कटॉप : २० वॅट, वर्षाला सुमारे १७५ युनिट
कोअर टू ड्युओचा डेस्कटॉप : ५० वॅट, वर्षाला सुमारे ४३८ युनिट
पेंटियम ४ चा डेस्कटॉप : ८० वॅट, वर्षाला सुमारे ७०१ युनिट

समजा, आपणांस युनिटला ८ रुपये पडतात. तर पेंटियम ४ चा 'फुकट' संगणक वर्षाला ५,६०८ रुपयांची वीज घेईल आणि १२ वॅटचा थिन क्लायंट ८४० रुपयांची. या फरकाच्या रकमेत दरवर्षी एक चांगला नवा राऊटर येऊ शकतो. यावरून मोठा जुना डेस्कटॉप या कामास का घेऊ नये हे लक्षात येईल. आपल्या बिलावरील दर पाहून हाच हिशेब स्वतः करावा.

घरच्या मीटरवर वीज कशी मोजावी ?

वरील आकडे साधारण आहेत. आपला संगणक नक्की किती वॅट घेतो हे घरच्या मीटरवरच मोजता येते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो व त्याजवळ एका युनिटला किती वेळा लुकलुकतो तो आकडा छापलेला असतो. बऱ्याच मीटरवर हा आकडा ३२०० असतो. मोजणी पुढीलप्रमाणे करावी.

१) घरातील दिवे, फ्रीज, इन्व्हर्टर, पंप, चार्जर सर्व बंद करावेत. लाल दिवा लुकलुकणे थांबले पाहिजे. थांबत नसेल तर कोठेतरी काही चालू आहे किंवा वायरिंगमध्ये दोष आहे असे समजून वायरमनकडून तपासणी करून घ्यावी.

२) फक्त संगणक चालू करावा. मॉनिटर जोडू नये, कारण राऊटरला तो लागत नाही. पाच मिनिटे संगणक स्थिर होऊ द्यावा.

३) दिव्याच्या एका लुकलुकीपासून पुढच्या लुकलुकीपर्यंत किती सेकंद गेले ते घड्याळावर मोजावे. असे चार-पाच वेळा मोजून सरासरी काढावी.

४) ३६,००,००० या संख्येला मीटरवरील आकड्याने भागावे व येणाऱ्या उत्तरास सेकंदांनी भागावे. जे उत्तर येईल तितके वॅट समजावेत.

मीटरवरील आकडा ३२०० असल्यास पहिला भागाकार ११२५ येतो. म्हणजे १५ सेकंदांनी दिवा लुकलुकला तर ७५ वॅट आणि ९० सेकंदांनी लुकलुकला तर १२.५ वॅट. मीटरला हात लावू नये, केवळ पाहावे. २० वॅटच्या आत येणारा संगणक राऊटरसाठी पसंत करावा. ४० वॅटच्या वर गेल्यास तो सोडून द्यावा.

वीज गेल्यावर काय ?

भारनियमनाच्या दृष्टीनेही वॅटचा हिशेब महत्त्वाचा आहे. १२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-तासाच्या छोट्या बॅटरीत ८४ वॅट-तास वीज मावते. बॅटरी टिकावी म्हणून त्यातील निम्मीच, म्हणजे ४२ वॅट-तास वापरावी. १२ वॅटचा राऊटर व ८ वॅटची फायबरची डबी मिळून २० वॅट होतात. अशी जोडी त्यावर सुमारे दोन तास चालते. ८० वॅटचा डेस्कटॉप मात्र त्याच बॅटरीवर जेमतेम अर्धा तास निघतो. येथे एक चूक नेहमी होते. राऊटर इन्व्हर्टरवर घेतला जातो आणि कंपनीची फायबरची डबी साध्या बोर्डावर राहते. दोन्ही एकाच बॅकअपवर घ्यावेत, अन्यथा उपयोग होत नाही.

दुसरी कसोटी : सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या

२०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातील लाखो कॅमेरे, डीव्हीआर व घरगुती राऊटर ताब्यात घेतले. त्यासाठी कोणतीही मोठी विद्या वापरलेली नव्हती. कारखान्यातून आलेला पासवर्ड मालकांनी बदललेला नव्हता, तोच टाकून तो आत शिरत होता. अशा यंत्रांच्या साहाय्याने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन या कंपनीवर हल्ला झाला व अमेरिकेत अनेक मोठ्या संकेतस्थळांची सेवा काही तास विस्कळीत झाली. ज्यांचे कॅमेरे यात वापरले गेले त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

गोठ्यावरचा कॅमेरा आणि बँकेचा व्यवहार करणारा मोबाईल एकाच राऊटरवर असतात हे ध्यानात घ्यावे. पिकावर नवी कीड आली की जुनी फवारणी पुरत नाही, त्याप्रमाणे राऊटरमधील नवे दोष उघड झाले की त्यावर दुरुस्ती टाकावी लागते. स्वस्त राऊटरला कंपनीकडून काही वर्षांनी दुरुस्त्या येणे बंद होते. जुन्या संगणकाचा खरा फायदा येथे आहे. यंत्र पंधरा वर्षांचे असले तरी त्यावरील प्रणाली आजची ठेवता येते.

मात्र प्रोसेसर पाहून प्रणाली निवडावी. इंटेलचा ॲटम प्रोसेसर २००८ मध्ये आला. त्या सुमाराच्या छोट्या लॅपटॉपमध्ये एन२७० हा ॲटम मोठ्या प्रमाणावर वापरला गेला व तो केवळ ३२ बिटचा आहे. पीएफसेन्सने २०१७ मधील २.४ या आवृत्तीपासून ३२ बिटचा आधार काढून टाकला. म्हणून एन२७० च्या लॅपटॉपवर ओपनडब्ल्यूआरटीची ३२ बिटची आवृत्ती घ्यावी. २०१० च्या सुमाराचे एन४५०, डी५१० व डी५२५ हे ॲटम ६४ बिटचे आहेत.

मेमरीचा विचार करता ओपनडब्ल्यूआरटीला २५६ एमबी पुरते. पीएफसेन्स व ओपीएनसेन्ससाठी २ ते ४ जीबी असावी. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांनी ओपनडब्ल्यूआरटीपासून सुरुवात करणे सोयीचे पडते. पुढील माहिती त्याच प्रणालीची आहे.

लागणारे साहित्य

१) नेटवर्क कार्ड : राऊटरला किमान दोन तोंडे लागतात, एक बाहेरच्या जोडणीसाठी व एक घरासाठी. डेस्कटॉपमध्ये रिकाम्या जागी दुसरे कार्ड बसवावे. १०० एमबीपर्यंतच्या जोडणीस जुने कार्ड चालते, त्यापुढील वेगासाठी गिगाबिट कार्ड घ्यावे. इंटेलची कार्डे या कामात भरवशाची ठरतात.

२) यूएसबी ॲडॉप्टर : लॅपटॉपला एकच तोंड असते, म्हणून यूएसबीवरील ॲडॉप्टर लावावा लागतो. एएसआयएक्स किंवा रिअलटेक आरटीएल८१५३ चिपचा ॲडॉप्टर घ्यावा व त्याचा ड्रायव्हर प्रणालीत टाकून घ्यावा. ॲडॉप्टर सैल बसत असेल तर वापरू नये.

३) डिस्क : जुनी हार्डडिस्क फिरून झिजलेली असते व वीजही जास्त घेते. त्याऐवजी लहान एसएसडी वापरावी. ओपनडब्ल्यूआरटी इतकी लहान आहे की चांगला पेनड्राइव्हही चालतो.

४) बायोसचा सेल : मदरबोर्डवरील सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल बदलावा. जुना सेल संपला की संगणकाचे घड्याळ मागे जाते, सेटिंग पुसले जाते व वीज आल्यावर संगणक चालू होत नाही.

५) स्विच व लॅनच्या केबली : घरात एकापेक्षा जास्त यंत्रे तारेने जोडायची असल्यास स्विच घ्यावा.

संगणकाची पूर्वतयारी

संगणक उघडून ब्रशने धूळ काढावी. पंखा मोकळा फिरतो काय ते पाहावे. फुगलेले कपॅसिटर दिसल्यास तो संगणक वापरू नये. लॅपटॉपची बॅटरी चांगली असेल तर ती बॅकअपचे काम करते, ही लॅपटॉपची मोठी सोय आहे. परंतु बॅटरी फुगलेली आढळल्यास ती तत्काळ काढून टाकावी. फुगलेल्या बॅटरीला टोचू किंवा दाबू नये; तिला आग लागण्याचा धोका असतो.

त्यानंतर बायोसमध्ये दोन गोष्टी कराव्यात. मोटारीच्या स्टार्टरला जसा ऑटो असतो तशी सोय बहुतेक डेस्कटॉपमध्ये असते. वीज परत आल्यावर संगणक आपोआप चालू व्हावा असे सेटिंग करावे. दुसरे म्हणजे, कीबोर्ड नसल्यास थांबू नये असे सेटिंग करावे. ही दोन कामे राहून गेल्यास रात्री वीज जाऊन आल्यावर राऊटर बंदच राहतो व सकाळपर्यंत कॅमेरे आंधळे होतात.

प्रणाली बसविण्याची पद्धत

१) ओपनडब्ल्यूआरटीच्या अधिकृत संकेतस्थळावरून एक्स८६ संगणकासाठीची फाईल उतरवून घ्यावी. ६४ बिट व ३२ बिटसाठी वेगवेगळ्या फाईली असतात. नावात 'स्क्वॅशएफएस' असलेली फाईल निवडावी. या प्रकारात मूळ प्रणाली केवळ वाचण्यापुरती असते, त्यामुळे अचानक वीज गेल्याने ती सहसा बिघडत नाही.

२) फाईलसोबत दिलेला शा२५६ हा ताळा जुळवून पाहावा. बियाण्याच्या पिशवीवरील लेबल तपासण्यासारखेच हे आहे.

३) फाईल उघडून ती दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्ह किंवा एसएसडीवर लिहावी. लिहिताना त्यावरील पूर्वीची सर्व माहिती पुसली जाते, म्हणून योग्य डिस्क निवडली आहे याची दोनदा खात्री करावी.

४) नव्या राऊटरला बाहेरची जोडणी न लावता फक्त एक लॅपटॉप जोडावा. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये पहिले कार्ड घरासाठी व दुसरे बाहेरच्या जोडणीसाठी धरले जाते. ब्राऊझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकल्यावर नियंत्रणाचे पान उघडते.

५) सुरुवातीला या प्रणालीस पासवर्ड नसतो. म्हणून सर्वांत आधी लांब व अवघड पासवर्ड ठेवावा आणि तो वहीत लिहून ठेवावा. त्यानंतरच बाहेरची तार जोडावी.

६) घरासाठीचा पत्ता बदलून १९२.१६८.१०.१ करावा. कंपनीच्या डबीचा पत्ताही पुष्कळदा १९२.१६८.१.१ असतो. दोन्हींचा पत्ता एकच राहिल्यास जोडणी चालत नाही. नवख्यांचा बराच वेळ याच ठिकाणी जातो.

७) कंपनीची जोडणी पीपीपीओई प्रकारची असेल व डबी केवळ पूल म्हणून चालविली जात असेल, तर कंपनीने दिलेले नाव व पासवर्ड बाहेरच्या जोडणीत भरावे. डबीच ते काम करीत असेल तर काही भरावे लागत नाही. बाहेरचा पत्ता आपोआप मिळतो.

जुना राऊटर टाकू नये

जुन्या संगणकाचे वायफाय राऊटरच्या कामात सहसा कमी पडते. त्यासाठी घरातील जुना वायफाय राऊटर केवळ वायफाय देण्यापुरता वापरावा. त्याचा पत्ता १९२.१६८.१०.२ करावा, त्यातील पत्ते वाटण्याची डीएचसीपी ही सोय बंद करावी आणि नव्या राऊटरची तार त्याच्या बाहेरच्या तोंडात न लावता घरच्या चार तोंडांपैकी एकात लावावी. एका शिवारात दोन पाटकरी झाले की तंटे होतात, तसे एका घरात पत्ते वाटणारी दोन यंत्रे असू नयेत.

कॅमेरे वेगळ्या कुंपणात ठेवावेत

शक्य असल्यास संगणकात तिसरे नेटवर्क कार्ड बसवून डीव्हीआर त्याला जोडावा व त्यास १९२.१६८.२० हा वेगळा गट द्यावा. फायरवॉलमध्ये पुढीलप्रमाणे नियम करावेत.

अ) घरातील मोबाईलवरून कॅमेरे पाहता यावेत.

ब) कॅमेऱ्याकडून घरातील यंत्रांकडे कोणतीही नवी जोडणी जाऊ नये.

क) कॅमेरे फक्त घरातूनच पाहायचे असल्यास त्यांना इंटरनेटही देऊ नये.

शेताबाहेरून कॅमेरे पाहायचे असतील तर राऊटरवर वायरगार्ड ही सोय बसविता येते. मार्च २०२० पासून ती लिनक्सच्या मूळ प्रणालीत समाविष्ट आहे व जुन्या ॲटमवरही चांगली चालते. त्याआधी राऊटरला कंपनीकडून मिळालेला बाहेरचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल तर कंपनीने एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे असे समजावे. अशा जोडणीवर बाहेरून थेट घरात येता येत नाही. मग डीव्हीआरला केवळ बाहेर जाण्याची मुभा देऊन त्याच्या कंपनीचे ॲप वापरावे, परंतु घरच्या गटापासून तो वेगळाच ठेवावा. कोणत्याही परिस्थितीत डीव्हीआरचा मूळ पासवर्ड तसाच ठेवू नये.

पाळीने वाटप

एकाने मोठा व्हिडिओ पाठवायला घेतला की दुसऱ्याचा फोनवरील आवाज तुटतो, असा अनुभव अनेकांना येतो. जोडणी कमी वेगाची आहे एवढेच याचे कारण नसते. माहितीची रांग लांबून साचते हेही कारण असते. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये एसक्यूएम नावाचा भाग बसवून त्यात 'केक' ही पद्धत निवडावी. आपल्या जोडणीचा वेग प्रत्यक्ष मोजावा आणि येणाऱ्या व जाणाऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के आकडा त्यात भरावा. टेलच्या शेतकऱ्यालाही पाणी मिळावे म्हणून हेडला दारे थोडी दाबावी लागतात, तोच हा प्रकार आहे. वेग थोडा कमी दिसतो, पण अडखळणे थांबते.

फायबर रस्त्याच्या खोदकामात वारंवार तुटत असेल तर यूएसबीवरील ४जी डोंगल दुसरी जोडणी म्हणून लावता येते. एमडब्ल्यूएएन३ हा भाग बसविल्यास पहिली जोडणी बंद पडताच राऊटर आपोआप दुसरीवर जातो.

मांडणी करताना घ्यावयाची काळजी

१) राऊटर हवेशीर व कोरड्या जागी ठेवावा. खताची पोती, चारा किंवा दळणयंत्र यांजवळ ठेवू नये. उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवू नये.

२) बोर्डाला योग्य अर्थिंग असावे.

३) लॅनची केबल १०० मीटरपेक्षा लांब नेऊ नये. घर व गोठा किंवा घर व पॉलिहाऊस यांच्यामध्ये तांब्याची केबल उघड्यावरून नेणे टाळावे. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडल्यास दाब त्या केबलमधून येऊन दोन्हीकडची यंत्रे जळू शकतात. दोन इमारतींमध्ये फायबर किंवा वायफायचा दुवा वापरावा.

४) वायफायचा पासवर्ड गावभर देऊ नये. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पाहुण्यांचे वेगळे वायफाय ठेवावे. जोडणी आपल्या नावावर असते, त्यामुळे तिचा गैरवापर झाल्यास विचारणा आपल्याकडेच होते.

वर्षभराची निगा

१) दर महिन्यास नवी दुरुस्ती आली आहे काय ते पाहावे. टाकण्यापूर्वी सेटिंगची नक्कल पेनड्राइव्हवर काढून ठेवावी. मोठी आवृत्ती बदलताना एसक्यूएमसारखे जादा घेतलेले भाग पुन्हा बसवावे लागतात, म्हणून त्यांची यादी वहीत ठेवावी.

२) दर सहा महिन्यांनी, विशेषतः पावसाळ्यापूर्वी, धूळ काढावी व केबली तपासाव्यात.

३) नियंत्रणाचे पान बाहेरच्या जोडणीवरून कधीही उघडे ठेवू नये.

४) प्रणाली लिहिलेला एक जादा पेनड्राइव्ह व जुना राऊटर तयार ठेवावा. संगणक अचानक बंद पडल्यास तासाभरात काम पूर्ववत सुरू करता येते.

हा पर्याय कोणी घेऊ नये ?

घरात फक्त दोन-तीन मोबाईल असतील, कॅमेरे नसतील व सध्याच्या राऊटरला दुरुस्त्या मिळत असतील तर हा खटाटोप करण्याची गरज नाही. मूळ पासवर्ड बदलून तोच राऊटर वापरावा. घरात महिन्यातून अर्धा तास याकडे लक्ष देणारे कोणी नसेल तरीही हा पर्याय घेऊ नये. लक्ष न दिलेला संगणक लक्ष न दिलेल्या राऊटरइतकाच धोक्याचा असतो. तसेच ज्यांच्याकडे केवळ मोठा, जास्त वीज घेणारा डेस्कटॉप आहे, त्यांनी ओपनडब्ल्यूआरटी चालणारा छोटा तयार राऊटर विकत घ्यावा. तोच स्वस्त पडतो.

निकामी ठरलेला संगणक जाळू नये वा उकिरड्यावर टाकू नये. त्यातील शिसे व इतर घातक द्रव्ये मातीत व पाण्यात उतरतात. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ लागू झाले आहेत. त्यानुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जाणे आवश्यक आहे.

सारांश, जुना संगणक राऊटर म्हणून वापरण्यापूर्वी मीटरवर त्याची वीज मोजावी, त्यावर आजची प्रणाली चालते याची खात्री करावी, वीज आल्यावर तो आपोआप चालू होईल असे करावे आणि कॅमेरे वेगळ्या कुंपणात ठेवावेत. या चार गोष्टी सांभाळल्यास माळ्यावर पडून असलेले यंत्र आणखी काही वर्षे उपयोगी पडेल आणि शेतकरी बंधूंच्या घरातील व्यवहार व कॅमेरे सुरक्षित राहण्यास निश्चितच मदत होईल.